शेवटची काठी

नोव्हेंबर लागला की हिनोकुबोच्या खोऱ्यात घरोघरी एकच काम निघतं, काठ्या रोवायचं. माणसाच्या दीडपट उंचीचे बांबू आणि टोकाला लाल फडकं. एकदा बर्फ पडला की आपली वाट कुठे, पाट कुठे, कुंपण कुठे संपतं हे देवालासुद्धा सांगता यायचं नाही. ते त्या काठ्या सांगतात. पहाटे रस्ता साफ करणारी मोठी गाडी येते, तिचा ड्रायव्हरही त्या फडक्यांच्या भरवशावर गाडी हाकतो. त्यामुळे दुसऱ्याची सोडाच, स्वतःची रोवलेली काठीसुद्धा मार्चपर्यंत कुणी हलवत नाही. काठी हलवणारा माणूस आमच्या खोऱ्यात अजून जन्माला यायचाय, असं म्हणतात.

म्हणतात खरं. चिझुरुनेही त्या म्हणण्यावर विश्वास ठेवला आणि तिथेच फसली.

चिझुरु नागाओका शहरात शेतीची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात आरेखन करायची. वय चव्वेचाळीस, डोकं तल्लख, जीभ त्याहून. तिचे वडील गेनइची, वय अठ्ठ्याहत्तर, हिनोकुबोतल्या घरात एकटेच राहायचे. आई चार वर्षांपूर्वी गेली. मागच्या फेब्रुवारीत दारापुढच्या तीन पायऱ्यांवरचा बर्फ काढताना म्हातारबुवा घसरले आणि खुबा मोडून बसले. तेव्हा मोठा भाऊ कोहेइ सैतामा शहरातून धावत आला आणि दवाखान्याच्या व्हरांड्यातच त्याने निकाल लावला.

"पुरे झालं आता, चिझु. घराला कुलूप लावू. बाबा माझ्याकडे येतील. सातव्या मजल्यावर बर्फ येत नाही."

"सातव्या मजल्यावर बाबा करतील काय?"

"जिवंत राहतील."

ते खरंच होतं.  पण घर सोडायचं म्हटल्यावर बाबांचा चेहरा जो उतरला, तो तिला बघवला नाही. शेवटी तिनेच तोड काढली. घराच्या दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ आपोआप काढणारं यंत्र मी बनवते, म्हणाली. एक हिवाळा दे.

कोहेइने अटी घातल्या. बाबांनी फावड्याला हात लावायचा नाही. यंत्र रोज कुठून कुठे गेलं त्याचा नकाशा मोबाईलवर मला आला पाहिजे. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी स्वतः येऊन बघणार. तोवर नीट चाललं तर बाबा इथे, नाहीतर त्याच गाडीतून सैतामाला.

"आणि खोटा नकाशा पाठवायचा नाही."

"मी कधी खोटं बोलले रे, दादा?"

"सातवीत. माझी सायकल."

त्या उन्हाळ्यापासून चिझुरुचे सगळे शनिवार-रविवार वडलांच्या शेडमध्ये गेले, आणि बर्फाची परीक्षा डिसेंबरात सुरू झाली. पहिलं यंत्र बर्फ उडवून फेकणारं होतं. ते दुसऱ्याच दिवशी नरड्यात बर्फ अडकून गप्प झालं; आमच्याकडचा बर्फ पिठासारखा नसतो, भिजल्या गोधडीसारखा जड असतो. दुसरं तिने ढकलणारं केलं. खाली ट्रॅक्टरचे असतात तसे पट्टे, पुढे रुंद पातं, ढकललेला बर्फ रस्त्याकडेच्या पाटात. पाटाला पाणी पाळीने सुटतं. वरच्या आळीची पाळी पहाटे साडेचारला, म्हणून यंत्रही साडेचारला निघायचं. सगळं ठीक, पण बर्फ पात्याला चिकटून बसायचा. तिने महागातला लेप आणून लावला, तरी तेच.

बाबा तीन शनिवार स्टुलावर बसून नुसते बघत होते. चौथ्या शनिवारी ते उठले, आईच्या फोटोपुढची जळून उरलेली मेणबत्ती घेऊन आले आणि पात्यावर खसाखसा घासली. दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फ पात्यावरून असा सरकला की चिझुरु बघतच राहिली.

"फावड्याला आम्ही काय जन्मभर लेप लावत आलो?" बाबा म्हणाले. "तुझ्या कॉलेजात शिकवलं नाही वाटतं."

राहिला प्रश्न यंत्राला वाट दिसण्याचा. उपग्रहाचा माग देवदारांच्या गर्दीत भरकटायचा. जमिनीवरची खूण बर्फाखाली जायची. तेव्हा चिझुरुला काठ्या सुचल्या. कॅमेऱ्याने लाल फडकं ओळखायचं, एका काठीकडून दुसऱ्या काठीकडे जायचं, शेवटच्या काठीला वळसा घालून परत फिरायचं, आणि वाट पूर्ण रुंद होईपर्यंत येरझारा घालायच्या. न हलणारी अशी एकच गोष्ट या खोऱ्यात होती, आणि ती फुकट होती. त्या रात्री ती स्वतःवर इतकी खूश झाली की दोन वाट्या भात जास्त जेवली.

बाबांनी तरुणपणी बैल पाळले होते. त्यांनी यंत्राचं नाव वासरू ठेवलं.

एक गोष्ट वासराला जमेना. त्याला पायऱ्या चढता येत नव्हत्या, आणि बाबा पडले होते ते नेमके पायऱ्यांवरच. चिझुरुने पायऱ्यांसाठी गरम होणारी चटई मागवली, ती फेब्रुवारीत येणार होती. तोवर रोज अकरा वाजता बाबांचा जेवणाचा डबा आणणाऱ्या बाईंनी पायऱ्या झाडून देण्याचं कबूल केलं. पण आठवड्याभरातच बाईंचा फोन आला.

"पायऱ्या मी येते तेव्हा लख्ख असतात हो. मला काही कामच उरत नाही."

चिझुरुचा पारा चढला. तिने तडक बाबांना फोन लावला.

"फावड्याला हात लावलात ना?"

"नाही बुवा."

"मग पायऱ्या काय पाखरं साफ करतात?"

"मला काय विचारतेस? तूच काहीतरी सोय केली असशील असं मी समजून चाललोय."

म्हातारा मेला तरी कबूल व्हायचा नाही, असं म्हणून तिने फोन ठेवला. तिला काळजी होती ती दादाची. शब्द मोडला हे त्याला कळलं की संपलं.

त्यातच जानेवारीत वासरू उनाडायला लागलं.

मंगळवारी सकाळी दादाचा संदेश आला: "तुझं वासरू आज दुसऱ्याच्या गोठ्यात." चिझुरुने नकाशा बघितला. यंत्र आपल्या वाटेने फाटकापर्यंत गेलं होतं, आणि तिथून डावीकडे वळून थेट शेजारच्या मात्सुनो काकूंच्या दारापर्यंत. मग काकूंच्या पायरीशी वळसा घालून परत. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. शनिवारी ती स्वतः आली, पहाटे उठून कॅमेरा तपासत उभी राहिली, तर वासरू आपल्या फाटकाशी शहाण्यासारखं वळलं. रविवारीही तसंच. डॉक्टरच्या दारात पोचलं की पोटदुखी थांबावी, तसला प्रकार. ती नागाओकाला परतली आणि सोमवारी स्वारी पुन्हा काकूंच्या दारी.

तिने काय काय केलं म्हणून सांगू! भिंग बदललं. मोटारीची तार बदलली. काकूंच्या अंगणात पर्सिमनचं झाड होतं, त्याच्या शेंड्यावर पाखरांसाठी न तोडता ठेवलेली लाल फळं होती. कॅमेरा त्यांनाच फडकं समजत असेल म्हणून तिने दोन रात्री जागून यंत्राला फळ आणि फडकं यातला फरक शिकवला. वासराने शिकून घेतलं, आणि तरी गेलं ते काकूंच्याच दारी. काठ्यांवर मात्र तिने चुकूनही संशय घेतला नाही. आमच्याकडचं माणूस स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेईल, काठीवर नाही घेणार.

दुसऱ्या शनिवारी ती काकूंची माफी मागायला गेली. मात्सुनो काकू त्र्याऐंशी वर्षांच्या, कमरेत काटकोनात वाकलेल्या. बोलताना माणसाकडे खालून वर बघायच्या, त्यामुळे त्या नेहमी काहीतरी पकडल्यासारख्या दिसायच्या.

"काकू, आमचं यंत्र तुमच्या अंगणात घुसतंय. फार लाज वाटते. दुरुस्त करते मी."

"कुठलं यंत्र?"

"अहो, तुमच्या दारापर्यंत सगळा बर्फ काढून जातंय."

"मला नाही बाई काही दिसलं. वारा होता, बर्फ उडून गेला असेल."

"गुडघाभर बर्फ, काकू? वाऱ्याने?"

"आमच्याकडचा वारा कामसू आहे," काकू म्हणाल्या, तिच्या हातात मुळ्याच्या लोणच्याची पुडी कोंबली आणि दार लावून घेतलं.

मग तो सोमवार उजाडला. रात्रभरात कमरेइतका बर्फ पडला होता. यंत्राची बॅटरी आपल्या वाटेपुरती मोजून बसवलेली. काकूंच्या दारापर्यंतच्या येरझारांत ती अर्ध्यातच संपली. वासरू काकूंच्या फाटकात झोपलं आणि बाबांची वाट पात्याच्या एका रुंदीइतकीच मोकळी झाली. डबेवाल्या बाई अंग चोरून कशाबशा दारापर्यंत पोचल्या. दादाचा संदेश दोनच ओळींचा होता: "रविवारी येतोय. बाबांची बॅग भरून ठेव."

चिझुरुने तो संदेश कारखान्याच्या जिन्यात उभं राहून तीनदा वाचला. मग तिने गुरुवारची रजा टाकली. आठवड्याच्या मधेच, कुणाला न सांगता, यंत्राला रंगेहाथ पकडायचं तिने ठरवलं.

बुधवारी दिवसभर पडलेला बर्फ संध्याकाळी थांबला आणि रात्रभर आभाळ निरभ्र राहिलं. गुरुवारी पहाटे सहाला ती पोचली तेव्हा वासरू काम आटपून शेडमध्ये उभं होतं. तिने गाडीचे दिवे चालू ठेवले आणि वाट बघायला खाली उतरली.

फाटकाशी शेवटची काठी नव्हती. तिथे फक्त भोक होतं.

भोकाभोवती बुटांचे ठसे होते. कुंपणाला धरून धरून पुढे गेलेले, आणि प्रत्येक पावलाच्या उजवीकडे टेकायच्या काठीचं गोल बिळ. ते ठसे काकूंच्या दारापर्यंत जाऊन परत आले होते. तिथे, काकूंच्या पायरीशी, लाल फडक्याची शेवटची काठी ताठ उभी होती.

चिझुरु मागे वळली आणि तिला ठशांची दुसरी रांग दिसली. यंत्राने मागे सोडलेल्या पातळ थरावर उमटलेली, लहान, जवळजवळ टाकलेली पावलं. ती काकूंच्या दारातून निघून बाबांच्या तीन पायऱ्यांपर्यंत आली होती आणि तशीच परत गेली होती. पायऱ्या लख्ख होत्या. कडेला लहान फावड्याच्या खुणा आणि वरून केरसुणी फिरवलेली.

ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. गाडीचे दिवे जळत होते हेही ती विसरली.

बाबा उठले तेव्हा ती खाली शेगडी असलेल्या मेजाच्या पांघरुणात पाय घालून बसली होती. तिला बघून ते दचकले. मग खिडकीकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"काठी हलवलीत तुम्ही," ती म्हणाली.

"फावड्याला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. काठीचं काही ठरलं नव्हतं."

"बाबा! मी पंधरा दिवस झोपले नाही हो! पर्सिमन ओळखायला शिकवलं मी त्या यंत्राला!"

"ते बरं केलंस. ज्ञान वाया जात नाही."

ती चिडून काहीतरी बोलणार होती, पण बाबा समोर बसले आणि त्यांनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून ठेवला. 

"तुझी आई दवाखान्यात होती ना, तो हिवाळा," ते म्हणाले. "मी रोज साडेसहाच्या बसने जायचो. दोन महिने. एकाही दिवशी मी बर्फ काढला नाही. तुला माहीत होतं?"

"मला वाटायचं, तुम्ही लवकर उठून काढता."

"मी उठायचो तर दारापासून बसथांब्यापर्यंत वाट मोकळी. मात्सुनो वहिनी करायच्या. एकोणऐंशी वर्षांची बाई." त्यांनी पेला खाली ठेवला. "शेवटच्या दिवशी मी पोचलो तेव्हा तुझी आई जागी होती. माझा हात धरला, आज फार बर्फ आहे का विचारलं. नाही म्हटलं, वाट मोकळी होती. वीस मिनिटांनी गेली. बर्फ काढत बसलो असतो तर ती वीस मिनिटं मला मिळाली नसती, चिझु."

चिझुरुला आईचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. ती रडायला लागली आणि तिने ते लपवलं नाही.

"आभार मानलेत त्यांचे?"

"गेलो होतो मिठाईचा डबा घेऊन. वारा होता, उडून गेला असेल, म्हणाल्या. डबा परत." बाबा किंचित हसले. "खरं आहे त्यांचं. बर्फाचे आभार तोंडाने मानायचे नसतात. मग मी त्यांच्या दारचा बर्फ काढायला लागलो. तीन हिवाळे काढला. मागच्या वर्षी पडलो आणि बंद झालं."

"मग मला सांगायचं ना! पाच मिनिटांचं काम होतं. यंत्राला तिथपर्यंत जायला मी शिकवलं असतं."

"मग यंत्र गेलं असतं," बाबा म्हणाले. "मी कुठे गेलो असतो?"

चिझुरुच्या पिशवीत पुढच्या वर्षीच्या सुधारणांची वही होती. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: काठ्या काढून टाकणे, जमिनीखालून तार टाकणे. तिने वही उघडली, ती ओळ खोडली आणि त्याखाली लिहिलं: बॅटरी दुप्पट.

"संध्याकाळी अंधार पडायच्या आत नेता ना काठी?" तिने विचारलं.

"अंधाराआधी. आणि सकाळी परत आणून ठेवतो. वहिनींना कळता कामा नये. त्यांना वाटायला हवं, यंत्र चुकतंय."

पायऱ्यांवरच्या लहान पावलांबद्दल ती काही बोलली नाही. हे बाबांना आपण सांगायचं नाही, एवढं तिला कळलं.

दुसरी बॅटरी तिने कारखान्यातून मागून आणली आणि शनिवारी दुपारी बसवली. संध्याकाळी कोहेइ आला. बॅग भरलेली नाही हे बघून त्याने भुवई चढवली आणि जेवायला बसला. रात्री बर्फ सुरू झाला आणि पहाटेपर्यंत थांबला नाही.

साडेचारला तिघंही खिडकीशी. बाहेर दारावरचा दिवा. वासरू शेडमधून निघालं, कमरेइतक्या बर्फात घुसलं आणि कुरकुरत पुढे सरकायला लागलं. एक फेरी, दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी फाटकातून डावीकडे, काकूंच्या दारी, आणि परत.

"चुकतंय बघ," कोहेइ म्हणाला.

"चुकत नाहीये, दादा. गप्प बस आणि बघ."

साडेपाचला वाट पूर्ण रुंद झाली आणि वासरू स्वतःच्या पट्ट्यांवर घरी आलं. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. काटकोनात वाकलेली एक आकृती बाहेर आली, बगलेत लहान फावडं आणि केरसुणी. ती शेवटच्या काठीपाशी थांबली. फडक्याची गाठ सैल झाली होती. काठी आपल्याकडे वाकवून तिने ती सोडली आणि घट्ट बांधली. मग नुकत्याच मोकळ्या झालेल्या वाटेने तुरुतुरु चालत ती थेट इकडे आली आणि पायऱ्यांवरचा बर्फ काढायला लागली.

बाबांनी खिडकीच्या चौकटीला धरलं.

"पायऱ्या वहिनी करतात?"

"रोज," चिझुरु म्हणाली.

"आणि काठी? काठी माहीत आहे त्यांना?"

"गाठ त्याच बांधतात, बाबा."

"आणि मी समजत होतो, माझ्या हाताची गाठ अजून पक्की बसते." बाबा खाली बसले. डोळे भरले होते आणि ते हसत होते. "हरलो. पुन्हा हरलो या बाईपुढे."

कोहेइ सातव्या मजल्यावर राहणारा असला तरी याच घरात वाढलेला. तो ताडकन उठून दाराकडे निघाला, तर बाबांनी त्याची बाही पकडली.

"कुठे?"

"अहो, आभार तरी मानू दे मला! त्र्याऐंशी वर्षांची बाई आपल्या पायऱ्या..."

"बस खाली. आभार मानलेस की उद्यापासून यायच्या नाहीत त्या."

कोहेइ बसला. बाहेर केरसुणीचा आवाज येत राहिला, आणि तो थांबेपर्यंत तिघांपैकी कुणी हललं नाही.

दिवसभर कोहेइ बॅगेबद्दल बोलला नाही, सैतामाबद्दल बोलला नाही. वासराचे पट्टे उलटसुलट करून बघितले, पात्याला मेणबत्ती घासून दिली. संध्याकाळी निघताना म्हणाला, गाडीवरचा बर्फ झाडून येतो, आणि बराच वेळ बाहेर राहिला. काठी न्यायला उठलेल्या बाबांना तो दारातच म्हणाला, "आज राहू द्या. झालंय ते." मग चिझुरुच्या डोक्यावर लहानपणी मारायचा तशी टपली मारून गेला.

सोमवारी सकाळी कारखान्याच्या उपाहारगृहात तिने नकाशा उघडला. यंत्र फाटकाशी डावीकडे वळून काकूंच्या पायरीपर्यंत गेलं होतं. पण तिथे थांबलं नव्हतं. पुढे आणखी काठ्या रोवल्यासारखं घराला वळसा घालून ते मागच्या अंगणात गेलं होतं, काकू रोज वाकून वाकून रॉकेल आणायला जातात त्या टाकीपर्यंत, आणि तिथे वळून घरी आलं होतं.

मोबाईल वाजला. दादाचा संदेश होता: "बॅटरी पुरली का?"

तिने बघितलं. चार टक्के उरली होती. समोरच्या सूपाच्या वाटीत आपले डोळे गळताहेत याची पर्वा न करता तिने उत्तर लिहिलं: "पुरली. काल संध्याकाळी बाहेर वारा होता का रे?"

"खूप," दादाने लिहिलं. "फेब्रुवारीतही येईन म्हणतो."